पहिली गोधडी वाकडी झाली, उसवू का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पॅचवर्कच्या गोधडीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत आणि मेसेजेसमध्ये "कशी शिवू" असं विचारणारे अगदी थोडे, "शिवून झालीय पण अशी अशी झालीय, आता काय करू" असं विचारणारेच जास्त. बहुतेकांनी फोटोही पाठवलेत, ते अर्थातच छापत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तरी उत्तर इथे सापडेल.

ताई, बहिणीला मुलगी झाली, पुढच्या पंधरवड्यात बारसं आहे. तिच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदाच गोधडी शिवली. पाच-पाच इंचाचे चौकोन कापले, आडवे आठ, उभे दहा, मधे फायबरची पातळ शीट, मागे आईच्या मऊ कॉटन साडीचं अस्तर. लांबून छान दिसते पण जवळून बघितली की रडू येतं. चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, कुठे एक सूत (इंचाचा आठवा भाग) कुठे दोन सूत फरक आहे, मागच्या बाजूला दोन ठिकाणी चुणी शिवणीत अडकलीय, कडेच्या पट्टीचे कोपरे गोल झालेत आणि हत्तीच्या प्रिंटचा एक चौकोन चक्क उलटा लागलाय. आई म्हणते कोणाला दिसतंय, सासूबाई म्हणतात द्यायची वस्तू आहे तर उसवून नीट कर. किती उसवू? – चिंचवड

सगळी तर अजिबात उसवू नका. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, पण कोणतं निम्मं ते आधी बघू.

तुम्ही जी यादी दिलीय त्यात दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकत्र आल्यात. काही दोष असे असतात की ते फक्त शिवणाऱ्याला त्रास देतात, आणि काही असे की ते गोधडीला त्रास देतात, म्हणजे दोन-चार धुण्यांत तिथून ती उघडणार, फाटणार, विरणार. पहिल्या प्रकाराला हात लावायचा नाही, दुसऱ्याला आजच लावायचा. गंमत अशी की नवशिके नेमकं उलट करतात, न जुळलेल्या कोपऱ्यासाठी रात्रभर उसवत बसतात आणि शिवणीत जेमतेम दोन धागे धरलेत तिकडे लक्षही जात नाही कारण ते दिसायला सरळ असतं.

तर आधी दुसऱ्या प्रकाराची तपासणी. गोधडी दिवसा खिडकीशी उजेडात धरा आणि प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणून बघा, सगळ्या, कंटाळा करू नका. जिथे टाक्यांच्या मधून उजेड दिसतो किंवा कापड सरकल्यासारखं वाटतं तिथे माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड) कमी धरली गेलीय. माया पाव इंच असायला हवी, म्हणजे दोन सूत, आणि ती एका सुताच्याही खाली गेली असेल तर धुताना धागे सुटून शिवण उघडणारच. आता गोधडी बंद झालीय, आतून काही करता येत नाही, म्हणून वरूनच दोन्ही कडा जरा जवळ आणून बारीक हातटाके घाला, रंग जुळणारा दोरा घेतला तर कळतही नाही. फारच उघडलं असेल तर सरळ वरून एक छोटं फूल नाहीतर पान कापून, कडा आत दुमडून शिवून टाका आणि कोणी विचारलं तर डिझाईन आहे म्हणा!

मग पट्टी. समोरून पट्टी छान बसलेली दिसते पण मागच्या बाजूला मशीनची शिवण बऱ्याचदा तिच्यावरून न जाता बाजूने निघून जाते. मागून नखाने पट्टीची कड उचलत उचलत पूर्ण चक्कर मारा, जिथे कड सुटी लागेल तिथे हाताने तुरपाई. कोपरे गोल झालेत ते राहू देत. पुढच्या वेळी कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, दोरा तोडायचा, पट्टी वर दुमडून मग खाली आणायची आणि पुन्हा कडेपासून सुरू करायचं, तो काटकोन आपोआप येतो.

मागच्या चुण्या दोषांच्या या दोन्ही प्रकारांच्या मधल्या. बोटभर लांबीची नुसतीच दुमड असेल आणि वरून सपाट लागत असेल तर हेमिंगसारखे तीन-चार टाके घालून ती तिथेच झोपवा, झालं. पण हाताला टोचेल, बाळ त्यावर पालथं पडलं की गालाला लागेल इतकी जाड गाठ झाली असेल तर ती उसवा, फक्त तेवढीच. चुणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच शिवण मागून उसवायची, अस्तर बोटांनी चहूकडे सारून ताण वाटून द्यायचा, टाचण्या लावायच्या आणि जुन्या शिवणीवर अर्धा इंच चढून परत शिवायचं म्हणजे टोकं सुटत नाहीत. दोन्ही चुण्यांचं काम अर्ध्या दुपारचं आहे, पूर्ण अस्तर काढायची काही गरज नाही.

चुणी का आली, तर अस्तर ढिलं होतं आणि थर नीट अडकवले नव्हते. यापुढे अस्तर उलटं करून फरशीवर पसरा, कडेला चिकटपट्टीने ताणून लावा (ताणून म्हणजे सुरकुती जाईल इतपतच, रबरासारखं खेचलं तर सोडल्यावर ते आक्रसतं आणि वरचा थर फुगतो), त्यावर शीट, त्यावर वरचं कापड, आणि मुठीच्या अंतराने सेफ्टी पिना नाहीतर कच्चे टाके. आपल्याकडे जुन्या बायका चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर भरलेले डबे ठेवायच्या, तेही उत्तम चालतं. मशीनवर शिवायला मधून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे जी काही सैल असेल ती कडेला निघून जाते.

कोपरे का जुळले नाहीत ते सांगते कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. पाच इंचाचा चौकोन, दोन्हीकडून पाव पाव इंच माया गेली की साडेचार राहतो. आठ चौकोनांची ओळ म्हणजे छत्तीस, कडेचं पाव पाव धरून साडेछत्तीस. आता तुमची मोजपट्टी घ्या आणि ओळ मोजा. प्रत्येक तुकड्यावर माया अर्ध्या सुताने जास्त धरली गेली, जे डोळ्याला कळतसुद्धा नाही, तर एका शिवणीत एक सूत गेलं आणि सात शिवणींत सात सूत, म्हणजे इंचाला एकच सूत कमी. सगळ्या ओळी सारख्याच कमी झाल्या असतील तर काही बिघडत नाही, गोधडी इंचभर लहान झाली इतकंच. एक ओळ साडेछत्तीस आणि दुसरी साडेपस्तीस असेल तेव्हा घोळ होतो, आणि आपण मग ती छोटी ओळ खेचून मोठीला जोडतो. मशीनच्या फूटची (सुईखाली कापड दाबून धरतो तो) कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका, बऱ्याच मशीन्सवर ते अंतर वेगळं असतं. पट्टीने सुईपासून पाव इंच मोजून प्लेटवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि कापडाची कड त्याला घासत चालवा. आणि एका ओळीतल्या सगळ्या माया डावीकडे, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे अशी इस्त्री मारा, म्हणजे ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकतात, बोटांना जाणवतं. इस्त्री घासायची नाही, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की चौकोनाचा पतंग होतो.

उलटा हत्ती? त्याला हात लावलात तर मला वाईट वाटेल. दोन वर्षांनी भाची रोज तोच शोधून दाखवेल.

आता बाळाची गोधडी आहे म्हणून तीन गोष्टी ज्या तुमच्या यादीत नाहीत पण माझ्या मते कोपऱ्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या. एक, टाचण्या आणि पिना मोजून घ्या, जितक्या लावल्या तितक्या परत आल्या का, शंका असेल तर गोधडीवरून लोहचुंबक फिरवा. दोन, लोंबणारे दोरे सगळे कापा, मागचे सुद्धा, लांब दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. तीन, पहिलं वर्षभर झोपताना बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण घालू नका असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, त्यामुळे बहिणीला सांगा की ही खाली अंथरून खेळायला, पालथं पडायला, मांडीवर घ्यायला.

आणि हे सगळं झाल्यावर गोधडी धुवा, देण्याआधीच. साध्या पाण्यात, थोड्याशा साबणात, सावलीत वाळत घाला. वरचं सुती कापड जरा आटतं, फायबर आटत नाही, त्यामुळे सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात आणि त्या सुरकुत्यांत तुमचे एक सूत, दोन सूत फरक शोधून सापडत नाहीत. मी तर म्हणेन की धुण्याआधी मजबुती सोडून कशाचाच निकाल लावू नका.

हाय ताई, मी कॉलेजला आहे. आजीच्या दोन नऊवारी घेऊन हाताने गोधडी करतेय, आजी आता नाहीये म्हणून विचारायला कोणी नाही. कडेपासून धावदोरा घालत आत आत येतेय. टाके एकसारखे येत नाहीत, पहिल्या ओळी आणि आताच्या ओळी बघितल्या तर दोन वेगळ्या माणसांनी घातल्यासारखं वाटतं. आणि आता मधे आल्यावर वरची साडी फुगलीय, टेकडीसारखी. उसवून सुरुवातीपासून करू का? – सातारा

नको गं. आणि कारण भावनिक नाहीये, कापडाचं आहे. नेसून नेसून मऊ झालेली साडी पुन्हा पुन्हा उसवणं सहन करत नाही, सुईची भोकं पडलेली जागा दोऱ्याच्या ओढीने चिरत जाते. नवं सुती कापड असेल तर भोकं धुतल्यावर बुजतात, जुन्यात तसं होत नाही. (रेशमी तुकडा वापरलास तर तिथेही तसंच, एकदा पडलेलं भोक तिथेच राहतं.)

तुझी पद्धत बरोबर आहे. कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यायचं ही आपल्याकडची जुनी रीत. उत्तर कन्नड जिल्ह्यात येल्लापूर, हल्याळकडे सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी (त्यांची गोधडी) करतात त्यासुद्धा कडेनेच फिरत आत येतात आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. या पद्धतीत सगळी सैल मधे गोळा होते, जसं मशीनवर मधून बाहेर जाताना ती कडेला निघते त्याच्या बरोबर उलट. म्हणून दर काही ओळींनी गोधडी जमिनीवर पूर्ण पसरून हाताने मधून बाहेर सारून घ्यायची असते. मांडीवर घेऊन सलग शिवत राहिलं की टेकडी येणारच.

आता आलीय तर काय. तळहाताखाली दाबल्यावर बसत असेल तर तिथे ओळी जवळ जवळ घाल, बाकी ठिकाणी बोटाचं अंतर असेल तर इथे अर्ध्या बोटाचं. दाट टाके कापड आत ओढून घेतात, निम्मी टेकडी अशीच जिरते. दाबूनही घडी पडत असेल तर ती घडी सरळ रेषेत, एकाच दिशेला पाडून घे, टाचण्या लाव, आणि तिच्या दुमडीवर बारीक टाके घालून पुढे त्यावरूनच धावदोरा चालू ठेव. तेही नको असेल तर काठाचा नाहीतर पदराचा एक चौकोन बरोबर मध्यावर ठिगळ म्हणून बसव, कितीतरी जुन्या गोधड्यांत अशी ठिगळं असतात आणि त्यातली निम्मी काहीतरी झाकायलाच लावलेली असणार हे मी पैजेवर सांगते.

टाक्यांचं म्हणशील तर बारीक टाका यायला वेळ लागतो, त्याच्या मागे लागू नकोस, टाका आणि मधली जागा सारखी ठेवायचा प्रयत्न कर. तांदळाएवढे टाके सारख्या अंतरावर आले तर नजर त्यांना सरळ म्हणते. पहिल्या ओळी तशाच ठेव. फक्त जिथे टाका इतका लांब सुटलाय की त्यात पायाचं बोट अडकेल, तेवढ्या जागी वरून एक टाका घालून तो दाबून टाक. ओळ भरकटत असेल तर खडूने नाहीतर साबणाच्या कोरड्या चिपेने आधी आखून घे. दोरा हातभरच घे, लांब घेतला की काम लवकर होईल असं वाटतं पण तो गुंततो, झिजतो आणि मग मधेच तुटतो. गाठ वर दिसत असेल तर सुई दोन थरांच्या मधून काढून दोरा जरासा झटक, गाठ टुपकन आत जाते.

एक मात्र तपास. साडीचा बसण्याचा भाग विरलेला असतो. हात आत घालून उजेडात बघ, जिथे कापड जाळीसारखं दिसतं तिथे रफू करत बसू नकोस कारण रफूला धरायला खालचं कापड मजबूत लागतं. ठिगळच लाव, आणि ते भोकापेक्षा इतकं मोठं घे की त्याच्या चारही कडा धडक्या कापडावर येतील. वरून लावलं की ते दिसेल. दिसू दे.

मॅडम, गोधडीत मधे मधे लाल इरकलीच्या पदराचे तुकडे लावले होते. पहिल्यांदा धुतली आणि शेजारच्या पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी डाग. मैत्रीण म्हणाली मिठाच्या पाण्यात टाक. काय करू? अजून ओली आहे. – कोल्हापूर

हे उत्तर छापून येईपर्यंत तुमची गोधडी ओली नसणार म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, बाकीच्यांसाठी इथे लिहिते. ओली असेल तर वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको, कोरड्या उष्णतेने डाग पक्का बसतो. मीठ रंगवताना कामाचं असतं, रंगवून झालेल्या बाजारच्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही, व्हिनेगरचंही तेच. सगळे तुकडे सुती असतील तर मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, त्यात चांगला डिटर्जंट, गोधडी पूर्ण बुडवून ठेवा, एकही कोपरा वर तरंगता कामा नये. मुद्दा पाणी भरपूर असण्याचा आहे, सुटलेला रंग पाण्यात फिरत राहिला तर परत कापडावर बसत नाही. रात्रभर ठेवा, पाणी गुलाबी झालं की बदला, पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. ब्लीच घालायचं नाही, डाग जाईल न जाईल, लाल मात्र नक्की जाईल. रेशीम असेल तर गरम पाण्याचा हा उपाय नाही, गार पाण्यात जेवढं निघेल तेवढं काढा आणि थांबा. वाळून गेलेल्या डागालाही हीच पद्धत करून बघायला हरकत नाही, पुष्कळदा फिका पडतो.

पुढच्या वेळी कापायच्या आधी लाल, निळं, काळं जे असेल ते ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि गोधडी करणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत असतं आणि प्रत्येकीला घाई असते.

गोधडीच्या कडा लाटांसारख्या वर-खाली होतात, जमिनीवर सपाट बसतच नाही. पट्टी अजून लावलेली नाही. – नाशिक

पट्टी लावलेली नाही हे बरं झालं. कडेचं कापड ताणलं गेलंय. किनारीची (कडेच्या पट्टीच्या आतल्या बॉर्डरची) लांब पट्टी आपण कडेला ठेवून शिवत जातो आणि उरलेली कापतो ना, त्यात ती नकळत जास्त बसते. नाहीतर कडेला उरेब (तिरके) कापलेले तुकडे आलेत, ते तर हात लावला तरी वाढतात. आता कडेपासून एक सूत आत हाताने लांब धावदोरा घाला, दोरा हळूहळू खेचत कड जमिनीवर सपाट होईपर्यंत आक्रसून घ्या, वाफेची इस्त्री दाबा, आणि मग गोधडी कडेने न मोजता मधोमध आडवी-उभी मोजून पट्टी तेवढीच कापा. आधी चार टोकं आणि मध्य टाचून घ्या, कड पट्टीत बसवायची, पट्टी कडेच्या मागे धावायला नको. थोडीफार लाट राहिली तर पहिल्या धुण्यात आणखी उतरेल.

नमस्कार, मी न्यू जर्सीला असते. इथल्या क्विल्टिंग ग्रुपमध्ये माझ्या पहिल्या क्विल्टमधला एक ब्लॉक (तुकडे जोडून केलेला चौकोन) चुकीचा फिरलाय हे मी सांगितलं तर एक बाई म्हणाल्या काळजी नको, जुने आमिश (अमेरिकेतल्या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिश्चन पंथाचे) लोक मुद्दाम एक चूक ठेवायचे कारण परिपूर्ण फक्त देव. हे खरं आहे का? आणि क्विल्ट देताना चुका आधीच सांगून टाकाव्यात का? मला तसं केलं की मोकळं वाटतं.

गोष्ट गोड आहे, पण क्विल्टच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना जुन्या काळातला तसा काही पुरावा मिळालेला नाही, ही नंतर पसरलेली दंतकथा समजतात. आणि जरा विचार केला तर पटतही नाही, मुद्दाम चूक घालावी लागते म्हणजे बाकी सगळं निर्दोष जमलंय असं म्हणणंच झालं की! आपल्यासारख्यांना मुद्दाम घालायची वेळ येत नाही.

त्यापेक्षा तुम्ही तिकडे आहातच तर जीज बेंडच्या क्विल्ट्स बघा. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावरचं हे गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायका, ज्यांचे पूर्वज तिथल्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबले, त्या शेतावरच्या जुन्या कपड्यांच्या, फाटक्या डेनिमच्या तुकड्यांच्या क्विल्ट्स पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, थंडीसाठी. २००२ मध्ये त्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनला भरलं, तिथून न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गेलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. त्या क्विल्ट्समधल्या रेघा सहसा पट्टीने आखल्यासारख्या नसतात. पण म्हणून "माझा वाकडा ब्लॉकही तसाच" असं म्हणू नका, कारण त्यांचं वाकडेपण हातात पक्कं बसलेलं आहे, कुठे पट्टी रुंद करायची आणि कुठे अचानक लाल टाकायचा हे त्या बायकांना नेमकं ठाऊक होतं. बघायचं ते यासाठी की चांगली क्विल्ट आणि सरळ क्विल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वर्षी आपण फक्त सरळच्या मागे असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट 'नाही' असं आहे. सांगू नका. तुम्हाला मोकळं वाटतं पण समोरच्याच्या डोक्यात ते कायमचं बसतं, त्याने आधी रंग बघितले असते, आता तो फिरलेला ब्लॉक शोधणार. शिवाय त्याला "छे छे कुठे, छानच झालीय" असं म्हणायचं कामही लागतं. भेट देताना फक्त धुवायचं कसं ते सांगा. स्पर्धेत ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे परीक्षक कोपरे, पट्टी भरीव आहे का, टाके एकसारखे आहेत का हे बघणारच, पण पहिली क्विल्ट कशाला पाठवताय?

मी निवृत्त शिक्षक, सौ.च्या पायमशीनवर नातवासाठी गोधडी करतोय. वरून शिवण सुंदर, मागे मात्र दोऱ्याचे लूप लोंबतात. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) चार वेळा काढून बसवली, तरी तेच. तसंच सोडलं तर चालेल का? मागचीच बाजू आहे. – सांगली

नाही चालणार सर, हा गोधडीला त्रास देणारा दोष आहे. लूपमध्ये बोट किंवा नख अडकलं की अख्खी ओळ खेचली जाते. आणि मागे लूप दिसले म्हणून आपण बॉबिनकडे धावतो, पण मागचे लूप म्हणजे वरचा दोरा सैल आहे. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा नीट ओवा (फूट खाली असताना ओवला तर तो टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण धरणाऱ्या) चकत्यांमध्ये बसतच नाही, वरून नुसता अडकलेला दिसतो), मग फूट खाली करून दोरा ओढून बघा, जरा अडून यायला हवा. तरी लूप राहिले तर टेन्शनचा स्क्रू थोडा थोडा आवळा आणि प्रत्येक वेळी त्याच तीन थरांच्या तुकड्यावर शिवून बघा, एकेरी कापडावर नको. आता उलट वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसायला लागला तर जास्त आवळलंत, थोडं मागे या. आणि सुई बदला, सौ.नी ब्लाउजला वापरलेली बारीक सुई तीन थरांना पुरत नाही, १४ नाहीतर १६ नंबरची नवी घाला. लूप असलेल्या ओळी मात्र उसवाव्याच लागतील, बॉबिनचा दोरा तिथे सरळ पडलेला असेल तर तो एका टोकाला धरून ओढा, सगळी ओळ आपोआप सुटून येईल.